दोन ग्लासांनी काय होतं?

पंपांच्या कारखान्यात तो एकोणीस वर्षं क्रेन चालवत होता आणि तिथं सगळे त्याला ‘अलगद’ म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते वहीतच राहिलं. टोपणनाव पडलं ते एका पैजेमुळं. कुणीतरी जमिनीवर काडेपेटी उभी ठेवली, अर्धी उघडी, आणि म्हणालं, वरून हूक आणून ही बंद करून दाखव. हूक दीडशे किलोचा. त्यानं तो इतका हळू खाली आणला की काडेपेटीचा खण आत सरकला आणि पेटी जराही चेपली नाही. तेव्हापासून अलगद.

क्रेन म्हणजे शेडच्या छताखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकणारी लोखंडी तुळई आणि तिला टांगलेली पत्र्याची केबिन. बावीस पायऱ्यांची उभी शिडी चढून तो सकाळी आत बसायचा. समोर तीन दांडे. एकानं तुळई पुढंमागं, दुसऱ्यानं हूक डावीउजवीकडं, तिसऱ्यानं वरखाली. खालच्या यंत्रांच्या आवाजात वर कुणाचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. म्हणून खाली एक माणूस उभा असायचा, तो मालाला साखळी बांधायचा आणि हातानं खुणा करायचा. तळहात वर म्हणजे उचल, बोट खाली म्हणजे सोड, घट्ट आवळलेली मूठ म्हणजे थांब.

गेली अकरा वर्षं तो माणूस म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. अलगदनंच त्याला कामाला चिकटवून दिलं होतं. दोघांचं असं जमलं होतं की खूण पुरी व्हायच्या आत दांडा हललेला असायचा. जेवणाच्या सुट्टीत मेहुणा सगळ्यांसमोर त्याची फिरकी घ्यायचा. “घरी ताईचं ऐकता, इथं माझं ऐकता. दाजी, तुमचं ऐकणारं जगात आहे का कुणी?”

“आहे ना,” अलगद म्हणायचा. “वर टांगलीय.”

तो दारुडा नव्हता, हे आधीच सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून माणसं पहिल्यांदा तेच म्हणतात. कधी कुणाचं लग्न, कधी सुट्टीच्या दिवशी जुने मित्र, अशा वेळी एखाद-दुसरा ग्लास, तेवढंच. त्याला झिंगलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कामावर तर घसा खवखवत असला तर औषधाची बाटलीही तो वास घेऊन बघायचा.

त्या दिवशी शेडचे मिस्त्री निवृत्त होत होते. मॅनेजर बाहेरगावी गेले होते. दुपारी पॅकिंगच्या खोलीत खोकी जोडून टेबलं केली, कागद अंथरले, प्रत्येकानं घरून काहीतरी आणलं. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा मिस्त्रींनी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या.

“मला नको,” अलगद म्हणाला. “अजून एक उचल बाकी आहे. गाडी दाराशी उभी आहे.”

“एकोणीस वर्षं माझ्या हाताखाली काढलीस,” मिस्त्री म्हणाले. “आज माझ्या हातचं नको? अरे, एवढ्यानं काय होतंय तुला?”

मिस्त्रींचे डोळे भरून आले होते. अलगदनं ग्लास घेतला. पुढं तो स्वतःशी नेहमी एक गोष्ट कबूल करायचा. पहिला ग्लास मिस्त्रींच्या आग्रहाचा होता. दुसऱ्याला कुणी आग्रह केला नव्हता. बाटली समोर होती, गप्पा रंगल्या होत्या, आणि त्यानं आपल्याच हातानं तो भरला.

मेहुण्यानं पित्ताच्या त्रासामुळं सरबतच घेतलं होतं. शेडकडं जाताना त्यानं विचारलं, “दाजी, तासभर थांबू या का? गाडीवाल्याला सांगतो मी.”

“एकच तर उचल आहे,” अलगद म्हणाला. “डोळे मिटून करीन.”

शिडी त्यानं रोजच्यापेक्षा भरभर चढली. अंगात छान हलकेपण होतं. दांडे हाताला लोण्यासारखे वाटले. आज हात बसलाय, असंही मनात येऊन गेलं.

माल होता चार टनांचं ओतीव लोखंडी कवच, मोठ्या पंपाचं. मेहुण्यानं साखळ्या बांधल्या, तळहात वर केला. कवच जमिनीपासून हातभर सुटलं तेव्हा ते एका अंगाला किंचित कललेलं दिसलं. एरवी अलगदनं ते तिथंच परत टेकवलं असतं आणि साखळी पुन्हा बांधायला लावली असती. या सवयीपायी तर सगळे त्याला हसायचे, की हा पिसाचंही वजन दोनदा तोलून बघतो. त्या दिवशी त्यानं ते कललेलं पाहिलं आणि मनात म्हणाला, चालतंय.

कवच जरा झुलत होतं. मेहुण्यानं ते सावरायला उजवा हात टेकवला. एरवी अलगदनं भोंगा वाजवून त्याला दोन पावलं मागं घालवलं असतं, मगच दांडा हलवला असता. त्या दिवशी हेही त्यानं पाहिलं आणि हेही चालून गेलं. क्रेन पुढं निघाली. वाटेत जुन्या यंत्राचा सिमेंटचा चौथरा होता. कवच झुलत त्याच्या बाजूला गेलं, आणि मेहुण्यानं डावा हात उंच करून मूठ आवळली.

अलगदला मूठ दिसली. हे त्याला पुढं कायम लख्ख आठवायचं. मूठ दिसली, मूठ म्हणजे थांब हेही कळलं, आणि तरी दांडा अजून पुढंच होता. हात मागं आला, पण जरा उशिरानं आला. तेवढ्या वेळात कवच दोन वीत सरकलं आणि टेकवलेला हात कवच आणि चौथऱ्याच्या मध्ये सापडला. दोनऐवजी अर्धीच वीत सरकलं असतं, तर हात निसटला असता.

खालून येणारा आवाज वर पोचत नाही, म्हणून त्याला किंकाळी ऐकू आली नाही. त्याला फक्त माणसं धावताना दिसली.

दवाखान्यात मेहुण्याचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर परत आले. त्यांनी मिस्त्रींना आणि अलगदला आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं. चौकशीला सरकारी माणूस येणार होता. “साखळी घसरली,” मॅनेजर म्हणाले. “असं होतं कधी कधी. कारखान्यात बाटल्या आल्या होत्या हे बाहेर गेलं तर तुमचं, माझं, सगळ्यांचंच अवघड होईल. झाकली मूठ झाकलेलीच बरी.”

मिस्त्री खाली बघत म्हणाले, “आणि खरं सांगायचं तर दोन ग्लासांनी काय होतं? त्यानं काही झोकांड्या खाल्ल्या नव्हत्या.”

सरकारी माणूस आला, त्याला साखळी दाखवली, त्यानं बांधणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा शेरा लिहून घेतला आणि तो गेला. पॅकिंगच्या खोलीत बसलेली वीस-बावीस माणसं, पण अलगदसकट सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

खरा घाव दवाखान्यात बसला. आठवड्यानं मेहुणा उशीला टेकून बसायला लागला होता. अलगद खुर्ची ओढून शेजारी बसला, तेव्हा तोच आधी बोलला.

“दाजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझीच चूक आहे ती. साखळी कुठंतरी ढिली राहिली असणार. सगळे तेच म्हणतायत.”

‘नाही रे’ एवढे दोन शब्द ओठावर आले आणि तिथंच थांबले. तो मेहुण्याला पाणी पाजून घरी आला.

असे सात आठवडे गेले. तो रोज क्रेनवर चढत होता, खाली दुसराच कुणी खुणा करत होता. नव्या माणसाची प्रत्येक खूण तो दोनदा बघायचा. मनात एकच घोळत राहायचं. साखळी खरंच घसरली नसेल कशावरून? दोन ग्लासांनी आपला हात खरंच मागं पडला का, की आपण उगाच साप साप म्हणून भुई धोपटतोय? एकदा वाटायचं आपणच गुन्हेगार, लगेच वाटायचं आपण उगीच स्वतःला खातोय. आणि दुसरं वाटलं की जरा बरं वाटायचं, याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

त्याची मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. एका रविवारी सकाळी बायको भावाकडं गेलेली होती, तेव्हा त्यानं तिला विचारलं, “माणसाचा हात किती पटकन चालतो, ते मोजता येतं का?”

“येतं की. आमची मुलं वर्गात करतात. साधी पट्टी लागते.” मग तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. “का हो, बाबा?”

त्यानं तिला सगळं सांगितलं. पॅकिंगची खोली, दोन ग्लास, कललेलं कवच. घरात हे पहिल्यांदाच कुणाच्या कानावर जात होतं. ती उठून दप्तरातून तीस सेंटिमीटरची पट्टी घेऊन आली.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो बसला, हात कडेला टेकवून, अंगठा आणि बोट उघडं ठेवून. ती पट्टी त्याच्या बोटांमध्ये उभी धरायची आणि न सांगता सोडायची. त्यानं पकडायची. जितकी खाली घसरली तितका उशीर. दहा वेळा केलं. चौदा, पंधरा, सोळा, पुन्हा चौदा. “तुमच्या वयाला फारच चांगलं आहे,” ती म्हणाली. “माझ्या वर्गातली निम्मी पोरं हरतील.”

मग त्यानं पिशवीतून बाटली काढली. आदल्या दिवशी तो स्वतः जाऊन घेऊन आला होता.

“हे गरजेचं आहे का?” तिनं विचारलं.

“मला माहीत करून घ्यायचंय. सांगोवांगी नको.”

त्या दिवशी होते तेवढेच दोन ग्लास, तेवढ्याच वेळात, जेवणासोबत. अर्ध्या तासानं पुन्हा पट्टी आली. सुरू करण्याआधी तिनं विचारलं, “कसं वाटतंय?”

“अगदी बरं. उलट सकाळपेक्षा हात मोकळा झालाय.”

एकवीस. चोवीस. एकोणीस. सव्वीस. एकदा पट्टी बोटांमधून निसटून थेट फरशीवर पडली. तो हसला आणि म्हणाला, “ती तू लवकर सोडलीस.” ती हसली नाही. वहीत आकडे लिहीत राहिली.

तेवढ्यात त्याला मध्येच आठवलं की कपाटावरचा मोठा डबा बायकोनं काढून ठेवायला सांगितला होता. तो उठला, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि वर चढला. त्या स्टुलाचा एक पाय वर्षभर डगमगत होता.

“बाबा, उतरा.”

“काही होत नाही गं.”

“या स्टुलावर तुम्ही मला कधी हातही ठेवू दिला नाही. उतरा खाली.”

तो उतरला, जरा नाराज होऊन. मग तिनं वही पुढं ओढली आणि शाळेतल्यासारखं, शांतपणे विचारलं, “आत्ता कुणी बोलावलं तर क्रेनवर चढाल?”

“एका उचलीसाठी ना? चढेन की,” तो म्हणाला.

तिनं तेही लिहिलं. वेळेसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तिनं वही त्याच्यापुढं ठेवली. त्यानं आकडे वाचले. मग शेवटची ओळ वाचली. ‘क्रेनवर चढाल का? – चढेन की.’ आपण असं म्हणालो हे त्याला पक्कं आठवत होतं. पण हे म्हणणारा माणूस त्याला परका वाटला.

“आकड्यांतला फरक तसा छोटा आहे,” ती म्हणाली. “सेकंदाचा विसावा भाग. पण इथं तुम्ही नुसते पट्टीकडं डोळे लावून बसला होता. काय होणार ते माहीत होतं, करायचंही एकच होतं. वर बसल्यावर आधी खूण दिसायला हवी, ती कुठली ते कळायला हवं, तीन दांड्यांतला कुठला ओढायचा ते ठरवायला हवं. प्रत्येक पायरीवर थोडा थोडा उशीर. सगळा मिळून खूप होतो.” ती जरा थांबली. “पण मला पट्टीपेक्षा स्टुलाची भीती वाटली, बाबा. हात मागं पडला होता, आणि तुम्हाला तो पुढं गेल्यासारखा वाटत होता. आपलं चुकतंय हे आतून ज्यानं सांगायचं, तोच आधी पेंगतो.”

त्यानं वही मिटली. कवच कललं होतं, ते त्यानं पाहिलं होतं. मेहुण्याचा हात मालावर होता, तोही पाहिला होता. उशीर झाला तो मूठ दिसल्यावर, पण चूक त्याच्याही आधी झाली होती, दोनदा, आणि दोन्ही वेळा त्यानं डोळे उघडे ठेवून ती होऊ दिली होती.

संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले नाहीत, फक्त हळू झाले. सगळं ऐकून ती म्हणाली, “मला सांगून काय होणार? हात माझा गेलेला नाही.”

तो दुसऱ्याच दिवशी काम सुटल्यावर मेहुण्याकडं गेला. मेहुणा खिडकीशी बसून डाव्या हातानं अक्षरं गिरवत होता, आपल्या मुलीच्या जुन्या वहीत. अलगद उभ्यानंच बोलला. बसलो तर धीर सुटेल असं त्याला वाटलं.

“साखळी घसरली नव्हती. माल कललेला होता, मला वरून दिसत होतं, मी खाली घ्यायला हवा होता. तुझा हात दिसत होता. तुझी मूठही दिसली. मी प्यायलो होतो आणि मला थांबायला उशीर झाला. तुझी चूक नाही.”

मेहुण्यानं पेन्सिल खाली ठेवली. ती घरंगळत टेबलाच्या कडेशी गेली, ती त्यानं डाव्या हातानं अडवली.

“किती दिवसांपासून माहीत आहे?”

“खात्री काल झाली. माहीत पहिल्या दिवसापासून होतं.”

“पहिल्या दिवसापासून,” मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. “मी रोज झोपेत ती साखळी बांधतोय, दाजी. रोज. कड्या मोजतो, पुन्हा बांधतो, उठून बसतो. बायकोला वाटतं हात दुखतोय म्हणून उठलो. आणि तुम्ही शेजारी बसून मला पाणी पाजत होता.”

मेहुण्यानं पेन्सिल वहीत ठेवून वही बाजूला सारली.

“दोन ग्लासांचं मी समजून घेईन कदाचित. मीही तिथं होतो, मीही तुम्हाला अडवलं नाही नीट. हे सात आठवडे मात्र मला समजत नाहीत. तुम्ही आता जा.”

तो गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं मॅनेजरच्या टेबलावर कागद ठेवला आणि त्याची एक प्रत सरकारी कचेरीत पाठवली. कागदावर फक्त स्वतःचं लिहिलं होतं. किती प्यालो, किती वाजता चढलो, काय दिसलं, काय केलं नाही. ग्लास कुणी भरला ते लिहिलं नव्हतं. शेडमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं, चांगलं चाललं होतं, हात दाखवून अवलक्षण कशाला. कुणी त्याच्याशी बोलणंच टाकलं, कारण चौकशी पुन्हा उघडली आणि त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला आपल्या जबाबावर सही करावी लागली.

क्रेनचा परवाना गेला. एकोणीस वर्षं वर बसलेला माणूस खाली, स्टोअरमध्ये, नटबोल्ट आणि हातमोजे वाटायला बसला. चौकशीच्या कागदांत साखळी घसरली नव्हती असं स्पष्ट लिहिलं गेलं. मेहुण्याच्या नावावरचा निष्काळजीपणाचा शेरा काढला गेला. क्रेनच्या शिडीशी एक छोटं यंत्र बसलं, चढण्याआधी त्यात फुंकर मारायची. पहिले काही महिने पोरं त्यावरून अलगदची टिंगल करायची, नंतर सवयीनं फुंकायला लागली.

वर्षभर मेहुणा घरी आला नाही. बायको एकटीच त्याच्याकडं जाऊन यायची. ती नवऱ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण भावाचा विषय निघाला की उठून आत जायची. अलगदनंही तो कधी काढला नाही.

मधल्या काळात एकदा मिस्त्री येऊन गेले. काठी टेकत आले, खुर्चीत बसले, आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, “माझं नाव का नाही घातलंस?”

“ग्लास तुम्ही दिला. चढलो मी.”

“मी द्यायला नको होता.”

“नको होता,” अलगद म्हणाला. मिस्त्रींना वाटलं होतं, तो ‘तसं काही नाही’ म्हणेल. ते मान हलवत राहिले. निघताना त्यांनी त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, आणि पुन्हा कधी आले नाहीत.

दुसऱ्या वर्षी कारखान्यानं मेहुण्याला परत घेतलं, नव्या माणसांना साखळी बांधणं आणि खुणा शिकवायला. डाव्या हातानं तो इतक्या स्वच्छ खुणा करायचा की लांबूनही वाचता याव्यात. एके दिवशी सकाळी तो स्टोअरच्या खिडकीशी आला. दोघं इतक्या जवळ त्या दिवसानंतर प्रथमच उभे होते.

“हातमोजा हवाय,” तो म्हणाला.

मोजे जोडीनंच येत. अलगदनं एक जोडी फोडली, डावा पुढं सरकवला आणि उजवा खालच्या खोक्यात टाकला. मेहुण्यानं वाकून पाहिलं.

“हे काय करणार?”

“राहू दे पडून.”

“कशाला पडून? कुणाचा तरी डावा गेला असेल कुठं. त्याला पाठवा.”

तो हसून बोलला की नाही ते अलगदला कळलं नाही. मोजा दातांनी ओढून चढवत मेहुणा शेडकडं वळला. दोन पावलं गेल्यावर थांबला.

“ताईला सांगा, रविवारी येतो. जेवायला नाही. नुसता येतो.”

तो आला. अर्धा तास बसला, बहिणीशी बोलला, भाचीनं शाळेतलं काही सांगितलं ते ऐकून घेतलं. अलगदशी तीन-चार वाक्यं झाली, तीही गाडीच्या वेळांबद्दल. पुढं तो महिन्यातून एकदा यायला लागला, मग जेवायलाही थांबायला लागला. पण फिरकी घेणं त्यानं कायमचं सोडलं. कामाच्या वेळी दोघांना एकमेकांकडं न बघताही एकमेकांचं कळायचं, ते दिवस परत आले नाहीत, आणि ते परत यावेत असं अलगदनं कुणापाशी बोलूनही दाखवलं नाही. निवृत्त होईपर्यंत तो स्टोअरमध्येच राहिला.